परिचारिका आणि लोकांचा विश्वास

आजारी माणसाला बरे करणे हे एकट्या वैद्याचे काम नव्हे, हा विचार आपल्या देशात फार प्राचीन आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. या चौघांत वैद्याला अग्रस्थान दिले आहे हे खरे. तथापि परिचारकालाही त्या ग्रंथाने गौण लेखलेले नाही. त्याच्या अंगी चार गुण असावेत असे तेथे म्हटले आहे : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता. या यादीत ज्ञानाचा उल्लेख सर्वांत आधी येतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढील काळात समाजाने परिचारिकेकडून प्रेमाची आणि स्वच्छतेची अपेक्षा भरपूर केली. तिच्याजवळ ज्ञानही असू शकते, याचा मात्र त्याला बहुधा विसर पडला.

आज जगातील अनेक देशांत परिचारिका केवळ डॉक्टरांच्या आज्ञेची वाट पाहत उभी नसते. विशेष शिक्षण घेऊन ती रोग्याला स्वतः तपासते, रोगाचे निदान करते, ठरावीक औषधे लिहून देते आणि आवश्यक तेव्हा रोग्याला डॉक्टरांकडे पाठविते. इंग्रजीत तिला ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणतात. मराठीत या पदासाठी अद्याप एकच शब्द स्थिर झालेला नाही. या लेखापुरते आपण तिला ‘चिकित्सक परिचारिका’ म्हणू. अशा परिचारिकेवर लोक विश्वास ठेवतात काय, आणि त्यांनी तो ठेवावा काय, हे दोन प्रश्न आहेत. ते एकसारखे दिसले तरी भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर लोकमतात शोधावयाचे, तर दुसऱ्याचे पुराव्यात. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे एकतर योग्य माणसावर अविश्वास दाखविला जातो, नाहीतर अयोग्य माणसावर विश्वास टाकला जातो. आणि दोन्हींची किंमत शेवटी रोग्यालाच मोजावी लागते.

प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे काय ?

रोगी मनुष्य आरोग्यव्यवस्थेच्या ज्या पायरीवर प्रथम पाऊल ठेवतो, ती पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवा. ताप, खोकला, जुलाब यांवरील उपचार, बालकांचे लसीकरण, गर्भवतीची नियमित तपासणी, मधुमेह व रक्तदाब यांवर देखरेख, आणि रोग होऊच नये म्हणून द्यावयाचा सल्ला, ही सारी कामे तिच्यात येतात. इ. स. १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील आल्मा-आता या नगरीत जागतिक परिषद भरली आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा सर्वांच्या आरोग्याचा पाया होय, असे तिने घोषित केले.

या कामांचे स्वरूप नीट पाहावे. शस्त्रक्रियेला लागणारे कौशल्य येथे क्वचितच लागते; परंतु रोग्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, त्याला पुन्हा पुन्हा भेटणे, त्याच्या घरची स्थिती जाणणे आणि धोक्याचे लक्षण वेळीच ओळखणे, हे नित्य लागते. रक्तदाबाचेच उदाहरण घ्या. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. ज्याला काही होत नाही तो मनुष्य एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी कशाला जाईल ? गोळ्या संपतात, नव्या आणल्या जात नाहीत, आणि काही वर्षांनी एके सकाळी अर्धे अंग लुळे पडते. गावातच कोणी महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून गोळ्या हाती ठेवणारे असते, तर असे कित्येक अनर्थ टळू शकतात.

कोलोरॅडोमधील आरंभ

चिकित्सक परिचारिकेची कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आली. लोरेटा फोर्ड या परिचारिका कोलोरॅडो संस्थानात सार्वजनिक आरोग्याचे काम करीत असत. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात डॉक्टर दुर्मीळ होते. मुलांच्या वाढीची तपासणी, लसीकरण, मातांना सल्ला ही कामे प्रत्यक्षात परिचारिकाच पार पाडीत होत्या. त्या जे करीतच आहेत ते त्यांना शास्त्रशुद्ध रीतीने का शिकवू नये, असा विचार फोर्डबाईंनी केला. हेन्री सिल्व्हर नावाच्या बालरोगतज्ज्ञांची त्यांना साथ मिळाली आणि १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात या स्वरूपाचा पहिला अभ्यासक्रम सुरू झाला.

या प्रयत्नाला विरोध झाला नसता तरच नवल. आपल्या क्षेत्रावर हे आक्रमण आहे, असे काही डॉक्टरांना वाटले. त्याहून आश्चर्याची गोष्ट ही की, परिचारिकांच्या काही शिक्षकांनीही नाके मुरडली. परिचारिकेने डॉक्टरांची कामे पत्करली तर ती परिचर्येचा धर्म सोडील, असे त्यांचे म्हणणे होते. फोर्डबाईंची भूमिका निराळी होती. आपली विद्यार्थिनी ही अर्धीमुर्धी डॉक्टर नसून पूर्ण परिचारिका आहे. तिच्या ज्ञानाची कक्षा तेवढी आपण वाढवीत आहोत, असे त्या मानीत. २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या १०४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी अमेरिकेत तीन लाखांहून अधिक चिकित्सक परिचारिका परवानाधारक होत्या. तेथे या पदासाठी आता पदव्युत्तर शिक्षण लागते, आणि निम्म्याहून अधिक संस्थानांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीवाचून काम करण्याची कायदेशीर मुभा आहे. इतर संस्थानांत ती मुभा मर्यादित आहे. म्हणजे वाद तेथेही मिटलेला नाही.

बर्लिंग्टनची कसोटी

नवी कल्पना चांगली वाटते म्हणून ती चांगली ठरत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते. ती परीक्षा कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात, बर्लिंग्टन या गावी झाली. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तिची रीत मुद्दाम अभ्यासावी.

तेथे दोन कुटुंब-डॉक्टरांकडे रोग्यांची इतकी गर्दी होई की, नवीन कुटुंबे घेणे त्यांना अशक्य झाले होते. त्यांच्या दवाखान्यातील दोन परिचारिकांना विशेष शिक्षण देण्यात आले. नंतर १९७१-७२ या वर्षात दवाखान्याशी संबंधित १,५९८ कुटुंबांची विभागणी करण्यात आली. १,०५८ कुटुंबे पूर्वीप्रमाणे डॉक्टरांकडे राहिली आणि ५४० कुटुंबे परिचारिकांकडे सोपविण्यात आली. कोणते कुटुंब कोणाकडे जावे, हे कुटुंबाने ठरविले नाही आणि डॉक्टरांनीही ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे केवळ योगायोगावर ते सोडले होते.

असे का करावे, हे समजून घेतले पाहिजे. निवड लोकांवर सोपविली असती, तर गंभीर आजाराचे लोक डॉक्टरांकडे आणि सर्दीपडशाचे लोक परिचारिकेकडे गेले असते. मग परिचारिकेचे रोगी अधिक बरे झाले असते, तरी त्यात तिचे कौशल्य किती आणि रोगाचा सौम्यपणा किती, हे कसे कळणार ? चिठ्ठीने विभागणी केली म्हणजे दोन्ही गट आरंभी जवळजवळ सारखे होतात. पुढे फरक पडलाच तर तो उपचाराचा आहे असे म्हणता येते.

वर्ष संपले तेव्हा दोन्ही गटांची तुलना झाली. मृत्यूंचे प्रमाण, शारीरिक क्षमता, मनाचे स्वास्थ्य आणि सामाजिक व्यवहार या सर्व बाबतींत दोन्ही गट सारखेच आढळले. परिचारिकांनी आपल्याकडे आलेल्या भेटींपैकी ६७ टक्के भेटी डॉक्टरांची मदत न घेता निभावल्या. उरलेल्या वेळी त्यांनी डॉक्टरांना विचारले. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याला काय येत नाही हे ओळखून योग्य वेळी विचारणे, हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. ते उत्तम शिक्षणाचे फळ होय.

लोकमताच्या दृष्टीने त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, परिचारिकांकडे गेलेली कुटुंबे डॉक्टरांकडील कुटुंबांइतकीच समाधानी होती. हा प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक उणी बाजूही नमूद आहे. परिचारिकेने स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा मोबदला देण्याची तरतूद त्या प्रांताच्या नियमांत नव्हती. त्यामुळे दवाखान्याचे उत्पन्न घटले. समाजाचा लाभ झाला, पण ज्यांनी प्रयोग केला त्यांना तोटा सोसावा लागला. एखादी सुधारणा गुणाने सिद्ध झाली तरी नियम आणि पैसा यांची व्यवस्था बदलल्यावाचून ती रुजत नाही, हा धडा येथे मिळतो.

यानंतर इतर देशांतही असे प्रयोग झाले. न्यूयॉर्क येथील १,३१६ रोग्यांचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. २०१८ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. शिक्षित परिचारिकांकडून मिळणाऱ्या प्राथमिक सेवेचे परिणाम डॉक्टरांच्या सेवेसारखेच, किंवा काही बाबतींत थोडे चांगलेही, असण्याचा संभव आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. परिचारिका प्रत्येक रोग्याला बहुधा अधिक वेळ देतात आणि रोग्यांचे समाधान किंचित अधिक असते, असेही त्यात दिसून आले.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. न्यूयॉर्कच्या प्रयोगातील सहा महिने हा काळ थोडा आहे. या प्रयोगांतील परिचारिका विशेष शिक्षण घेतलेल्या होत्या. म्हणून ‘कोणतीही परिचारिका डॉक्टरांचे कोणतेही काम करू शकते’ असा अर्थ यातून काढणे चूक ठरेल. ‘योग्य शिक्षण मिळालेली परिचारिका प्राथमिक सेवेचे ठरावीक काम सुरक्षितपणे करू शकते’, एवढेच पुराव्याने सिद्ध होते; आणि तेवढेही थोडे नाही.

लोकमत कशाने घडते ?

पुरावा असा असता लोकांच्या मनात शंका का उरते ? याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण, नावाचा घोटाळा. आपल्याकडे ‘नर्स’ हा एकच शब्द फार निरनिराळ्या माणसांसाठी वापरला जातो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून गावोगाव हिंडणारी सहायक परिचारिका-प्रसविका, तीन वर्षांची पदविका घेतलेली परिचारिका आणि चार वर्षे महाविद्यालयात शिकून झालेली परिचर्येची पदवीधर, या साऱ्याच आपल्या लेखी ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’. एखाद्या खाजगी दवाखान्यात काही न शिकता पांढरा झगा घालून बसणारी मदतनीसही त्याच नावाने ओळखली जाते. नावे एक झाली की पारखही एकच होते, आणि सर्वांत कमी शिकलेलीच्या मापाने सर्वांत अधिक शिकलेली मोजली जाते.

दुसरे कारण, जुने सामाजिक ग्रह. रोग्याचे मलमूत्र काढणे, जखमा धुणे, बाळंतिणीजवळ राहणे ही कामे आपल्या समाजाने विटाळाची मानली आणि ती करणाऱ्यांना खालचे स्थान दिले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला; त्या काळी रोग्याला स्पर्श करणे हे धैर्याचे काम होते. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा चांगल्या घरच्या स्त्रीने हे काम करावे काय, हाच समाजापुढील मोठा प्रश्न होता. तो प्रश्न आज उघडपणे कोणी विचारीत नाही. परंतु मुलगी परिचारिका होऊ इच्छिते असे कळल्यावर ‘डॉक्टर का होत नाहीस ?’ असे विचारणारी घरे अजून आहेत. मुलाने ती इच्छा सांगितली तर हसणारी घरेही आहेत.

तिसरे कारण रोग्याच्या अपेक्षेत आहे. सुई टोचली, सलाइन लावले म्हणजे उपचार झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. ज्या परिचारिकेने जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजण्यास सांगितले आणि सुई दिली नाही, तिला ‘काही येत नाही’ असे ठरविले जाते. उलट, कोणतीही पात्रता नसता दारावर ‘डॉक्टर’ अशी पाटी लावून प्रत्येकाला सुई टोचणारा मनुष्य गावात लोकप्रिय होतो. म्हणजे येथे विश्वास ज्ञानावर बसलेला नाही. तो पाटीवर बसलेला आहे. प्राथमिक सेवेतील मोठा धोका हाच आहे.

आपल्या देशातील स्थिती

भारतात या विषयाचा विचार नवा नाही. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. त्या वेळी पदवीधर डॉक्टरांखेरीज कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले परवानाधारक वैद्यकही देशात होते. समितीच्या बहुमताने त्यांचे शिक्षण बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा असे सुचविले. काही सभासदांनी मात्र याला भिन्न मत नोंदविले, कारण देशाला लागणारी माणसे इतक्या लवकर कोठून येणार, ही त्यांची चिंता होती. सर्वांना सारखा दर्जा द्यावा, की सर्वांना निदान काहीतरी लवकर द्यावे, हा पेच तेव्हापासून आपल्यापुढे आहे.

पुढे देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि त्यांच्या खाली उपकेंद्रे उभी राहिली. सपाटीच्या प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागांत सुमारे ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असे प्रमाण ठरले. ही उपकेंद्रे मुख्यतः सहायक परिचारिकांनीच चालविली. लसीची पेटी खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर पायी जाणारी नर्सबाई हीच कित्येक खेड्यांना ठाऊक असलेली सरकारी आरोग्यसेवा होती.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने देशभर दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याची योजना जाहीर केली. त्यांपैकी पहिल्याचे उद्घाटन त्याच वर्षी १४ एप्रिल रोजी छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यातील जांगला येथे झाले. २०२३ पासून या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव आहे. उपकेंद्राच्या पातळीवर तेथे ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ नेमला जातो. परिचर्येचे किंवा आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेल्या उमेदवाराला सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे जादा शिक्षण देऊन हे पद दिले जाते. रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी करणे, डॉक्टरांनी ठरविलेली औषधे नियमित पुरविणे, साध्या आजारांवर ठरावीक रीतीने उपचार करणे आणि दूरध्वनी-दूरचित्राच्या साहाय्याने रोग्याची डॉक्टरांशी गाठ घालून देणे, ही त्याची कामे होत. अमेरिकेतील चिकित्सक परिचारिकेइतके त्याचे शिक्षण नाही आणि अधिकारही तितके नाहीत. तथापि दोघांच्या मुळाशी असलेली कल्पना एकाच जातीची आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने अशा मध्यम स्तरावरील सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांनी तीव्र विरोध केला आणि संपही पुकारला. अपुऱ्या शिक्षणाची माणसे खेड्यांच्या गळ्यात बांधली जातील, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे केवळ स्वार्थाचे म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे. शहरातील श्रीमंताला निष्णात डॉक्टर आणि खेड्यातील गरिबाला मिळेल तो, अशी विभागणी कोणत्याही लोकशाही समाजाला शोभणारी नाही. परंतु याला उत्तर परिचारिकेला दूर ठेवणे हे नसून तिला उत्तम शिकविणे हे आहे. कारण तिला दूर ठेवल्याने खेड्यात डॉक्टर येत नाही. तेथे येतो तो नुसती पाटी लावणारा.

विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा ?

तेव्हा सुज्ञ नागरिकाने काय करावे ? आंधळा विश्वास आणि आंधळा अविश्वास या दोहोंना सोडून त्याने चार गोष्टी पाहाव्यात. या व्यक्तीचे शिक्षण कोणते आणि परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी आहे काय ? तिला कोणती कामे करण्याचा अधिकार आहे आणि त्या मर्यादेत ती राहते काय ? आपल्या शक्तीबाहेरचा रोगी ती वेळीच पुढे पाठविते काय ? आणि पुढे पाठविलेल्या रोग्याला तेथे खरोखर डॉक्टर, औषध व वाहन मिळते काय ? यांतील पहिले तीन प्रश्न परिचारिकेसाठी आहेत, तर चौथा शासनासाठी आहे. उपकेंद्रात औषधेच आली नाहीत, रुग्णवाहिका आलीच नाही, तर तो दोष परिचारिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होय. परंतु लोकांच्या रोषाला तोंड द्यावे लागते ते तिलाच, कारण दारात उभी असते ती तीच.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काहीजण पुढे डॉक्टर होतील, काही परिचारिका किंवा परिचारक होतील, आणि बाकी सर्वजण केव्हा ना केव्हा रोगी तरी नक्की होतील. चरकाने सांगितलेल्या चार पादांत रोगीही एक पाद आहे, हे विसरू नये. लक्षणे न लपविता सांगणे आणि सांगितलेला उपचार नेटाने पाळणे हे रोग्याचे काम; त्याचबरोबर उपचार करणाऱ्याची पारख करणे हेही आजच्या रोग्याला शिकावे लागेल. घरातील वडीलधाऱ्यांसमवेत जवळच्या आरोग्य केंद्रात जाण्याचा प्रसंग आला, तर तेथील बाईंना त्यांच्या शिक्षणाविषयी आदराने विचारावे, आजीआजोबांचा रक्तदाब त्यांच्याकडून मोजून घ्यावा आणि तो आकडा वहीत टिपून ठेवावा. पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. बर्लिंग्टनच्या कुटुंबांनी आपले मत असेच वर्षभराच्या अनुभवाने बनविले होते.